सहावी केबिन

स्टेफा पिलिप्युकनं केबिनी मोजल्या. पाच भरल्या. मग तिनं दुसऱ्या टोकापासून मोजल्या, कारण मोजणी दोन्हीकडून जुळली पाहिजे असं तिचे वडील सांगत. तिकडूनही पाचच भरल्या. मोजणी जुळली होती. केबिन नव्हती.

सहा नंबरच्या जागी पिवळ्या पडलेल्या गवताचा एक चौकोन होता, चार कोपऱ्यांना चार धोंडे होते आणि तीन पायऱ्यांचा लाकडी जिना होता, कठड्यासकट. जिना चढून गेलं की पुढं हवा होती. स्टेफा चढून गेली. हवेत उभी राहिली. खाली उतरली. नवा बसवलेला डावा गुडघा कुरकुरला, तशी ती त्याच्यावरच खेकसली, "तू गप्प बस."

त्या तळ्याचं नाव हाफ हॉर्स लेक, म्हणजे अर्ध्या घोड्याचं तळं. उरलेला अर्धा घोडा कुठं गेला हे शंभर वर्षांत तिथं कुणी विचारलेलं नाही. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या त्या सपाट माळावर माणसं एकमेकांच्या खाजगी गोष्टींत नाक खुपसत नाहीत, आणि घोड्याच्या तर नाहीच नाही.

हे सगळं सोमवारी घडलं. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती हिवाळाभर मुलीकडं होती, आणि त्यानंतर तळ्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती. शुक्रवारी मे महिन्यातली लांब सुट्टी सुरू होणार होती, म्हणजे चौदा तंबूंच्या जागा आणि सहाच्या सहा केबिनी भरणार होत्या. पण त्याआधी, गुरुवारी सकाळी दहा वाजता, उद्यान खात्याचा निरीक्षक येणार होता. तळ्याकाठची ती जमीन खात्याची. भाडेपट्ट्यात चौथ्या कलमात स्पष्ट लिहिलं होतं: किमान सहा केबिनी. पाच असतील तर करार तिथंच संपला. मग त्या जागेवर सिमेंटचे ओटे आणि विजेचे खांब उभे राहणार होते, शहरातल्या लोकांच्या बसएवढ्या गाड्या लावायला. त्या गाड्यांत धुलाईचं यंत्र असतं. स्टेफाच्या मते, धुलाईचं यंत्र घेऊन रानात येणाऱ्या माणसानं रानाला त्रास न देता घरीच बसावं.

केबिनी वडिलांनी बांधलेल्या. गावचं जुनं धान्याचं कोठार पाडलं तेव्हा त्याच्या फळ्या आणून त्यांनी एकेक उभी केली. सहावी शेवटची. ती त्यांनी दोन जाड ओंडक्यांवर बसवली, म्हणजे पाणी चढलं तर ओढून मागं घेता येईल. वडील दूरदृष्टीचे होते. ती कुणी ओढावी, एवढं मात्र लिहून ठेवायचं त्यांनी राहून गेलं.

स्टेफानं गाडीतून पक्षी बघायची दुर्बीण काढली. तळ्याचा बर्फ दहा दिवसांपूर्वी फुटला होता आणि पाणी शिशासारखं चकाकत होतं. पलीकडच्या काठावर, पॉप्लरच्या झाडांत, हिरव्या दाराची एक केबिन होती. खिडकीला पिवळे पडदे होते. ते पडदे स्टेफानं स्वतः शिवले होते. धुराड्यातून धूर येत होता.

"अस्सं," स्टेफा म्हणाली. पुढचे शब्द युक्रेनियन होते. तिच्या आजीनं ते फक्त रानडुकरांसाठी राखून ठेवले होते.

*

तळ्याला वळसा घालून पलीकडं जायला बावीस किलोमीटर पडतात. सगळा रस्ता चिखलाचा. स्टेफानं तो ज्या वेगानं कापला त्या वेगाबद्दल डॉक्टरनं तिला काही सांगितलं नव्हतं. गाडी चालवू नका, एवढंच सांगितलं होतं.

एल्मर थोरवाल्डसन केबिनीच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. वय एकाहत्तर, धंदा घरं हलवण्याचा. पन्नास वर्षांत त्यानं दोन चर्च, एक शाळा आणि एकदा पोस्टमास्तरसकट पोस्ट ऑफिस हलवलं होतं. तळं गोठलं की बर्फावरून घर ओढत न्यायचं, ही त्याची खासियत.

"काय गं स्टेफा, गुडघा कसा आहे?"

"एल्मर, तू कशात बसलायस?"

एल्मरनं मागं वळून केबिनीकडं बघितलं. "केबिनीत."

"कुणाच्या?"

"माझ्या. तुझ्या शेजारची ती मुलांची छावणी बंद पडली ना, त्यांची टोकाची खोली मी घेतली. फेब्रुवारीत आणली. पोरीचं लग्न आहे ऑगस्टमध्ये, पाहुण्यांना होईल म्हटलं."

"छावणीची टोकाची खोली अजून तिथंच आहे. छप्पर बसलंय तिचं. आत साळिंदर राहतं."

एल्मरनं हातातल्या कपाकडं बघितलं. कॉफीचा एक घोट घेतला.

"ते साळिंदर मी शोधलं," तो म्हणाला. "विकणाऱ्यानं सांगितलं होतं आत साळिंदर आहे म्हणून. नव्हतं. मला वाटलं, गेलं असेल."

"आणि ही माझी आहे हे तुला कळलं नाही?"

"अगं, हिमवादळ होतं. खिडक्यांपर्यंत बर्फ. मी तळ्याकडून आलो, टोकाची दिसली ती उचलली. कुलूपही नव्हतं."

कुलूप नव्हतं कारण तिथं हिवाळ्यात केबिनीला कुलूप घालत नाहीत. वादळात कुणी अडकला तर त्याला आत शिरता यावं, चूल पेटवता यावी, जीव वाचवता यावा, अशी पद्धत. केबिन वाचवायची पद्धत कुणी काढलेली नाही.

"आत गाद्या होत्या, एल्मर! चादरी होत्या! सहा कप, सहा बश्या, मासे तळायचा तवा होता!"

"हो ना. मी म्हटलं, काय टापटीप पोरं ही छावणीतली."

"भिंतीवर माझ्या बापाचा फोटो आहे!"

"तो बघून मला वाटलं, हा ओळखीचा दिसतोय." एल्मरनं मान डोलावली. "पण लोकांनी भिंतीवर कुणाचा फोटो लावावा, हा त्यांचा प्रश्न."

स्टेफा आत शिरली. टेबलावर पाहुण्यांची वही होती. दरवर्षी उतरणारी माणसं तिच्यात दोन ओळी लिहून जात. शेवटच्या पानावर एल्मरचं गिचमिड अक्षर होतं: जागा फार टापटीप. पडदे छान. एल्मर थोरवाल्डसन.

तिनं वही मिटली. ती इतक्या हळू मिटली की एल्मर खुर्चीतून उठून उभा राहिला.

"गुरुवारच्या आत ही माझ्या काठावर पाहिजे."

"रस्त्यानं नाही जमायचं. बर्फ वितळलाय, रस्ते मऊ पडलेत, पंधरा जूनपर्यंत जड वाहनांना बंदी. ट्रॅक्टरमागं घर दिसलं तर दोन्ही जप्त करतील."

"मग ज्या वाटेनं आणलीस त्या वाटेनं ने."

एल्मरनं तळ्याकडं बघितलं. मग, वेडी आहे की काय हे तपासत, स्टेफाकडं बघितलं. "ती वाट वितळली, स्टेफा."

*

गावातल्या सहकारी दुकानात कोपऱ्यात एक टेबल आहे. तिथं रोज सकाळी दहाला सात-आठ म्हातारे कॉफी पितात आणि हवामानाबद्दल बोलतात. मंगळवारी स्टेफा दुकानात शिरली ती मेणबत्त्या आणि डासांचं औषध घ्यायला. गल्ल्यामागच्या भिंतीकडं तिचं लक्ष गेलं आणि ती तिथंच थबकली.

भिंतीवर एक फोटो होता, चौकटीत. गोठलेलं तळं, मागं गुलाबी सूर्य, आणि मधोमध ट्रॅक्टरमागं निघालेली हिरव्या दाराची केबिन. खाली चिठ्ठी: "हिवाळी प्रवास. वाचनालयाच्या छायाचित्र स्पर्धेत तिसरा क्रमांक. आयरीन ब्योर्नस्टाड."

आयरीन गल्ल्यावरच होती. "आवडला?" तिनं लाजत विचारलं.

"आयरीन, ही केबिन कुणाची आहे?"

"तुझी," आयरीन म्हणाली. "अगं, वादळ थांबल्यावर उजेड इतका सुंदर पडला होता…"

"तुला माहीत होतं!"

टेबलावरच्या म्हाताऱ्यांनी एकदम आपापल्या कपात बघायला सुरुवात केली, जणू प्रत्येकाच्या कपात मासा सापडला होता.

स्टेफा टेबलापाशी गेली. "अजून कुणी कुणी बघितली?"

मग एक हात टेबलापासून चार बोटं वर आला. मग दुसरा. मग सगळेच.

"गॉर्डी, तू सुद्धा?"

गॉर्डी टर्नबुल हा स्टेफाच्या शेजारचा शेतकरी, तळ्यात तिच्याइतकीच वर्षं मासे धरणारा. तो खाकरला. "मी बघितली असं नाही म्हणता येणार. बर्फाला मध्ये भेग होती, तिथं एल्मर अडकला. मी नुसती साखळी दिली."

"साखळी दिली!"

"आणि थोडं ओढलं."

"आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही? 'एल्मर, बाबा, स्टेफाची केबिन घेऊन कुठं निघालास?' एवढं एक वाक्य! तोंडाला बर्फ लागला होता का तुमच्या?"

"आम्हाला वाटलं, विकली असशील," गॉर्डी म्हणाला. "विकली असशील तर काही कारण असणार. आणि कारण असेल तर ते तुझं. त्यात आम्ही कोण?"

"बाई एकटी, त्यात ऑपरेशन," दुसऱ्या म्हाताऱ्यानं कपाला सांगितलं. "अडचणीत असेल म्हटलं. अशा वेळी विचारून आणखी कशाला लाजवायचं?"

"आम्ही गप्प नाही बसलो हं," आयरीन गल्ल्यामागून दुखावल्या आवाजात म्हणाली. "आम्ही जेवण पाठवलं."

स्टेफा काही तरी बोलणार होती. त्याआधी तिला ती भांडी आठवली.

एप्रिलच्या शेवटी ती मुलीकडून, सास्काटूनहून, घरी परतली तेव्हा मागच्या ओसरीवर काचेची झाकणवाली अकरा भांडी ठेवलेली होती. पेरोगी म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, मॅकरोनी, परत मॅकरोनी. सगळं गोठून दगड झालेलं. तिला वाटलं होतं, गुडघ्यासाठी असेल. एका गुडघ्याला अकरा भांडी जरा जास्तच, असं मनात आलं होतं खरं. पण तिनं कुणाला विचारलं नव्हतं. तीन आठवडे खाल्लं, भांडी घासली, तळाशी चिकटपट्टीवर लिहिलेली नावं वाचून ज्याची त्याच्या दारात ठेवून आली. दार वाजवलं नव्हतं. कशाला उगाच त्रास.

हे आठवलं आणि तिचा राग दुप्पट झाला, कारण आता तो दोन बाजूंनी येत होता.

"ऐका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मागच्या खोलीतल्या खताच्या पोत्यांपर्यंत पोचला. "तळ्याकाठी तुमच्या प्रत्येकाचा बोटी बांधायचा लाकडी धक्का आहे. निळ्या पिंपांवर तरंगणारा. अजून सगळे काठावर पालथे पडलेत. उद्या संध्याकाळपर्यंत ते सगळे एल्मरच्या काठाला पाण्यात पाहिजेत, एकमेकांना बांधून. त्यावर माझी केबिन चढेल. आणि गुरुवारी सकाळी ती तळ्यातून माझ्याकडं येईल. तुम्ही तिला जाताना बघितलंत, आता येताना बघा!"

म्हातारे विचारात पडले. केबिन पाण्यावर तरंगेल का, कुणी बुडेल का, हे वेड आहे का, यातलं काहीही कुणी विचारलं नाही.

"हं," शेवटी गॉर्डी म्हणाला. "वारा बघावा लागेल."

त्या गावात याचा अर्थ 'हो' असा होतो.

*

गुरुवारी पहाटे साडेपाचला एल्मरच्या ट्रॅक्टरनं केबिन गावभरातून जमवलेल्या तेरा धक्क्यांवर ओढली. धक्के करकरले, पाण्यात हातभर बसले आणि तिथं थांबले. दोन मोटारबोटींनी पुढून दोर धरले. एल्मर केबिनीच्या आतच राहिला. चुलीत जाळ होता आणि तो वाया घालवणं त्याला पटेना.

साडेनऊला स्टेफा आपल्या काठावर एक हात कमरेवर, दुसरा काठीवर ठेवून उभी होती. तळ्याच्या मधोमध तिची केबिन धूर सोडत येत होती. येताना स्वतःभोवती हळूहळू फिरत होती. कधी हिरवं दार दिसायचं, कधी मागची भिंत, कधी पिवळ्या पडद्यातून कॉफी पिणारा एल्मर.

मागं गाडीचं दार वाजलं. उद्यान खात्याचा निरीक्षक अर्धा तास आधीच आला होता. ड्वेन क्लासन, वय सव्वीस, बूट नवे, काखेत फाईल. तो येऊन स्टेफाच्या शेजारी उभा राहिला. त्यानं तळ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"वारा आहे आज," तो म्हणाला.

"आहे."

"पश्चिमेचा."

"पश्चिमेचाच."

ड्वेननं फाईल उघडली आणि पेनानं केबिनी मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. मग पेन पाण्यावर गेलं, थांबलं, आणि केबिनीबरोबर हळूहळू सरकत राहिलं. "सहा," तो पुटपुटला. पण लिहिलं नाही.

"काय झालं?"

"हद्दीच्या खांबांच्या आत यायला हवी, पिलिप्युकबाई. काठाचं उथळ पाणी तुमच्या पट्ट्यात येतं, ते चालेल. पण त्या पलीकडच्या खांबाबाहेर लागली तर मला पाच लिहावे लागतील."

स्टेफानं बघितलं. वारा तिरका होता. केबिन तिच्या काठाकडं येत नव्हतीच; ती शेजारच्या बंद छावणीकडं निघाली होती, जणू साळिंदराला भेटायला. एका बोटीचं इंजिन बंद पडलं होतं आणि गॉर्डी त्याच्याकडं वाकून शांतपणे बघत होता. दुसरी बोट एकटीच दोर ताणून एका जागी घुरघुरत होती.

"गॉर्डी! काय करतोयस?"

"इंजिन बंद पडलं," पाण्यावरून आवाज आला.

"मग ओरडायचं की!"

"तू कामात दिसलीस!"

स्टेफानं हातातली काठी फेकली आणि ती पाण्यात शिरली. दोन आठवड्यांपूर्वी जे पाणी बर्फ होतं ते अजून बर्फपण विसरलं नव्हतं. मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत. आजीचे रानडुकरांचे सगळे शब्द तिनं क्रमानं वापरले आणि संपल्यावर परत पहिल्यापासून सुरू केले. गॉर्डीनं बोटीतून दोराची गुंडाळी फेकली, ती तिनं हवेत झेलली आणि मागं वळून ओरडली, "क्लासनसाहेब! फाईल ठेवा!"

"मला नियमानं भाग घेता येत…"

"फाईल ठेवा म्हटलं ना!"

ड्वेननं फाईल जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर नीट ठेवली आणि नव्या बुटांसकट पाण्यात उतरला. दोघांनी दोर काठावरच्या पॉप्लरला एक वेढा दिला आणि ओढला. गॉर्डी बोटीतून उडी मारून छातीभर पाण्यातून आला. दुसऱ्या बोटीतले तिघंही आले. फोटो काढायला काठावर थांबलेली आयरीन आली, गळ्यात कॅमेरा, पण हात मोकळे. केबिन थबकली. कलली. मग मोठ्या अनिच्छेनं वळली, आणि खांबाच्या आत एवढ्या बेतानं वाळूत रुतली की खांबाला आणि भिंतीला दोन्हींना एकाच वेळी हात लावता आला असता.

आतून एल्मरनं खिडकी उघडली. "पोचलो का?"

ड्वेन काठावर गेला. कुडकुडत त्यानं फाईल उचलली आणि लिहिलं: सहा. सही केली. प्रत फाडून स्टेफाला दिली. पाच वर्षांचा करार पक्का. मग टोपीला एक बोट लावलं आणि तो गाडीकडं निघाला, प्रत्येक पावलाला बुटातून पाणी उडवत.

स्टेफा त्या कागदाकडं बघत राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता. ती वाटही बघत होती त्याची.

"क्लासन!" ती ओरडली. "थांब! तुला काहीच विचारायचं नाही? केबिन तळ्यातून आली! धूर सोडत आली! आत म्हातारा होता! केबिन आहे की आगबोट, एवढं तरी विचार!"

ड्वेन अवघडला. गळ्यापर्यंत लाल झाला. "मला वाटलं," तो म्हणाला, "तुमच्याकडं अशीच पद्धत असेल."

*

संध्याकाळपर्यंत, मागं घर नसलेला ट्रॅक्टर वळसा घालून आला आणि केबिन धोंड्यांवर चढली. पण शेवटी वळताना ती उलटी वळली होती, आणि पुन्हा फिरवायची तर परत पाण्यात न्यावी लागली असती. त्यामुळं आता तळ्याकडं कोरी भिंत होती. हिरवं दार मागं, झाडीकडं. तीन पायऱ्यांचा जिना धोंड्यांमध्ये पक्का रोवलेला, तो होता तिथंच राहिला. तो चढून गेलं की आता हवेऐवजी भिंत होती.

शुक्रवारी दुपारी व्हर्नन आणि आल्मा फ्रीसेन आले. सत्तावीस वर्षं ते दोघं सहा नंबरमध्येच उतरत. व्हर्ननच्या हातात गळ होते, आल्माच्या हातात बेरीचा केक. दोघं जिना चढले. भिंतीसमोर उभे राहिले. व्हर्ननचा हात सवयीनं दाराच्या कडीकडं गेला आणि फळीवर टेकला.

स्टेफा चार पावलांवर उभी होती. तिनं श्वास रोखला होता.

दोघं जिना उतरले.

"यंदा गवत चांगलं आलंय," आल्मा म्हणाली.

"छान आलंय," व्हर्नन म्हणाला. आणि सामान घेऊन, सत्तावीस वर्षं असंच जात असल्यासारखे, ते भिंतीला वळसा घालून मागं गेले.

"विचारा!" स्टेफा किंचाळली. तंबूंतून डोकी बाहेर आली. "दार मागं का गेलं, विचारा की! जिना भिंतीत का जातो? मी सांगायला तयार आहे हो! फार मोठी गोष्ट आहे!"

भिंतीच्या कोपऱ्यावरून व्हर्ननचं डोकं डोकावलं. ते अत्यंत सभ्य आणि अत्यंत घाबरलेलं होतं.

"आम्हाला वाटलं, तुझं काही कारण असेल," तो म्हणाला. डोकं परत गेलं.

मग स्टेफानं कुऱ्हाड घेतली. तंबूवाल्यांसाठी ठेवलेला जळणाचा ढीग तिनं एकेक करून फोडायला घेतला. आठवड्याभराचं लाकूड दिवस मावळेपर्यंत संपलं, तेव्हा ती पुढच्या आठवड्याचं फोडू लागली. चौदा तंबूंतली माणसं आपापल्या शेगड्यांवर मासे तळत होती आणि तिच्याकडं बघायचं नाही याची काळजी घेत होती. गावातून येणाऱ्या गाड्या तिच्यापाशी वेग कमी करत. आतला माणूस स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करी आणि पुढं जाई.

शनिवारी सकाळी तिनं मागचं दार उघडलं. ओसरीवर काचेची तीन भांडी होती. झाकणांवर दव जमलं होतं.

स्टेफानं पहिलं भांडं उचललं. झाकण काढलं. मॅकरोनी. भांडं वर धरून तिनं तळाची चिकटपट्टी वाचली: गॉर्डी टर्नबुल.

तिनं ते भांडं गाडीत शेजारच्या सीटवर ठेवलं, त्याला पट्टा लावला आणि गॉर्डीच्या घरापाशी जाऊन दार वाजवलं. त्या गावात जेवण आणून देणाऱ्याचं दार असं कुणी वाजवत नाही. आत बराच वेळ हालचाल झाली नाही. मग गॉर्डीनं फट उघडली, पायात मोजे, तोंडात टूथब्रश.

"हे कशासाठी?" स्टेफानं विचारलं.

गॉर्डीनं भांड्याकडं बघितलं. तिच्याकडं बघितलं. तिच्या मागं, रस्त्यापर्यंत, कुणी सोडवायला येतंय का ते बघितलं. कुणी येत नव्हतं.

"उत्तर मिळेपर्यंत मी इथून हलणार नाही, गॉर्डी," स्टेफा म्हणाली, आणि भांडं मांडीवर घेऊन त्याच्या पायरीवर बसली. त्या पायरीच्या वर निदान दार तरी होतं.